लाईट गेल्यास कळवावे, ही विनंती

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही गावात लाईट गेली, की अंधाराच्या आधी घोषणा होते. "गेली!" एवढंच. कोण गेली, कुठं गेली, असं कुणी विचारत नाही. मग माणूस दारात येतो आणि समोरच्या घराकडं बघतो. "तुमची पण गेली का वो?" "गेली की!" हे ऐकल्यावर चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते बघण्यासारखं असतं. आपली एकट्याची गेली म्हणजे फ्यूज, म्हणजे खर्च. सगळ्या आळीची गेली म्हणजे नशीब, आणि नशिबाला आपल्या खिशातून वायर लागत नाही. दोन मिनिटांत बातम्या यायला लागतात. एक फेज आहे म्हणे. डीपीवर फांदी पडली. मेन लाईनच गेलीय, कराडपर्यंत नाही. चार वाजता येणार. हे चार कुणी ठरवले ते आजवर कुणाला कळलेलं नाही, पण पावणेचारपासून सगळे घड्याळ बघतात.

इतक्या जागरूक मुलखात लाईट गेल्याचं ज्याला कळतच नाही, असा एकच इसम आहे. तो म्हणजे पतसंस्थेच्या शाखेतला सर्व्हर.

वाईपासून जतपर्यंत शाखा असलेल्या एका पतसंस्थेचे असले सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. संस्थेचं नाव सांगत नाही, ठेवीदार उगीच घाबरतात. सर्व्हर लिनक्सवर चालतात, कारण लिनक्स फुकट आहे आणि हा मुद्दा संचालक मंडळात एका मिनिटात पास होतो. प्रत्येक सर्व्हरच्या पायाशी एक यूपीएस असतो. तो फुकट नसतो, म्हणून तो प्रत्येक शाखेत वेगळ्या कंपनीचा असतो. कुठल्या शाखेत कुठला, हे त्या त्या वर्षी खरेदी समितीवर कोण होतं आणि कोणाच्या पाहुण्याचं दुकान होतं, यावरून ओळखता येतं.

सर्व्हरचं अज्ञान ही सर्व्हरची चूक नव्हे. लाईट गेली की यूपीएस डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरीवर जातो. पंखा मंदावतो, ट्यूब विझते, कॅशियर नोटा मोजता मोजता थांबतो आणि "गेली" म्हणतो, म्हणजे आता परत पहिल्यापासून मोजणार. सर्व्हर मात्र मुदतठेवींचं व्याज काढत बसलेला. त्याच्या जगात काहीच झालेलं नाही. यूपीएस जितका इमानदार, तितका सर्व्हर अडाणी. मग दहा-बारा मिनिटांनी बॅटरी संपते आणि व्याज काढता काढता सर्व्हर जागच्या जागी आडवा होतो. लाईट आल्यावर उठतो तो अर्धवट शुद्धीत. डिस्क तपासतो, डेटाबेसची डागडुजी करतो, आणि शेवटी सांगतो की कालचं 'डे-एंड' पूर्ण झालेलं नाही. म्हणजे बाहेर बुधवारचा बाजार भरलेला असतो आणि शाखेत अजून मंगळवार चालू असतो. पैसे काढायला आलेल्या आजोबांना हे समजावणं फार अवघड असतं. "आज आज न्हाईच म्हंतासा?" असं ते विचारतात, आणि त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर असतं.

यूपीएस आपल्या परीनं सांगतोच. बॅटरीवर गेला की तो टीं टीं करतो. पण शाखेतले मामा, म्हणजे शिपाई, शिस्तीचे. ओरडणारी वस्तू गप्प करणं हे त्यांच्या कामात बसतं. यूपीएसच्या पुढचं बटण दाबलं की आवाज बंद होतो, हा शोध त्यांनी स्वतः लावला आहे आणि बाकीच्या शाखांतल्या मामांना फोनवरून शिकवलाही आहे.

हे टीं टीं सर्व्हरला कळावं म्हणून यूपीएसबरोबर एक यूएसबी केबल येते. ती जोडली की यूपीएस आणि सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. एका शाखेत ती सापडेना. यूपीएस ओढून बघितला. मागं धुळीचा थर, एक मेलेली पाल, चार सॉकेट. एकात सर्व्हर. दुसऱ्यात मॅनेजरसाहेबांचा टेबलफॅन. तिसऱ्यात मोबाईलचा चार्जर. चौथ्यात गणपतीच्या फोटोवरची लुकलुकती माळ, जी बंद करायची नाही असा स्पष्ट आदेश होता. वरचं झाकण उचललेलं, कारण आतली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी फुगून झाकण बसू देत नव्हती. केबलची जागा मोकळी. केबल शेवटी मिळाली ती पासबुक प्रिंटरला. त्याचीही पिन तशीच असते. "त्येची तुटली हुती, ही रिकामीच लोंबत हुती," मामा म्हणाले. यात चूक काढायला जागा नव्हती.

खरं म्हणजे सातारा जिल्ह्यानं लाईट गेल्याबद्दल बोलावं, हाच मोठा विनोद आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. धरण पाटण तालुक्यात, पण पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीकडं उतरवलंय, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा तिकडं मुंबईची वीज गेली. आपल्या पायाखालची जमीन हलल्यावर मुंबईत अंधार होतो, एवढं वजन इथल्या किती पुढाऱ्यांना लाभलंय? वर वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या, तिकडं सांगलीच्या बाजूला ढालगावला पवनचक्क्या. दिव्याखाली अंधार ही म्हण जिथं जिल्हा नियोजनात घ्यायला हरकत नाही, असा हा टापू. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली, लोकल थांबल्या, दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तीच बातमी. आमच्याकडं लोकांनी ती इन्व्हर्टरवर टीव्ही लावून मोठ्या कौतुकानं बघितली. एवढ्यावर बातमी होते, हे आम्हाला नवीन होतं.

तर सर्व्हरला सांगायचं कसं? त्यासाठी 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नावाची फुकट प्रणाली आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रसेल क्रोल यांनी ती सुरू केली, आणि तेव्हापासून जगभरची माणसं तिच्यात आपापल्या यूपीएसची भाषा शिकवणारे ड्रायव्हर भरत आली आहेत. तिचे तीन भाग. ड्रायव्हर यूपीएसशी बोलतो. यूपीएसडी ते ऐकून ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर जो विचारेल त्याला सांगतो. यूपीएसमॉन ठरवतो की आता गप्प बसायचं की गाशा गुंडाळायचा. यूपीएसची अवस्था दोन अक्षरांत येते. ओएल म्हणजे लाईट आहे. ओबी म्हणजे बॅटरीवर आहे. एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. नुसत्या ओबीवर सर्व्हर बंद होत नाही. ओबी आणि एलबी दोन्ही एकदम आलं की तो शहाण्यासारखा वह्या मिटतो, डेटाबेस बंद करतो आणि झोपतो.

हे पुण्याच्या पोराला समजवायला फळा लागतो, सांगलीकराला लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. ४० ला सांगलीकर पोराबाळांना घेऊन पुलावर पाणी बघायला जातो, ४५ ला सामान माडीवर चढवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून शहरातलं शेंबडं पोरगंही कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते सांगतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरून खाली निरोप येतो. साताऱ्यात दरवाजे उचलायचे असले की आधी खालच्या गावांना कळवतात, मग उचलतात. आमच्या मुख्य कचेरीत एकाच मोठ्या यूपीएसवर तीन-चार मशिनं आहेत, आणि तिथं हाच कायदा चालतो. ज्या मशीनला केबल जोडलेली, ते प्रायमरी. बाकीची सेकंडरी. बॅटरी संपत आली की प्रायमरी खाली निरोप धाडतं: आवरा. सेकंडरी मशिनं आवरून निघून जाईपर्यंत ते थांबतं, पण फार तर पंधरा सेकंद, आणि मगच स्वतः झोपतं. पूर्वी यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. २०२२ च्या आवृत्तीपासून प्रायमरी-सेकंडरी झालं. सातारा वर, सांगली खाली, हे भूगोलापुरतंच बरं. मालक-गुलाम म्हटलं असतं तर आमच्या दोन जिल्ह्यांत आयर्विन पुलावरच पानिपत झालं असतं.

एका मशीनवर हे सगळं बसवायला पाच फायली भरायच्या. सगळ्यात गमतीची पहिली. प्रणाली बसवली की तिच्यात आयतं लिहिलेलं असतं: मोड बरोबर 'नन'. म्हणजे साहेब रुजू झालेत, खुर्चीवर बसलेत, पण काम सुरू करा असं कुणी लेखी दिलेलं नाही. ती ओळ न बदलता बाकीच्या चारही फायली सुंदर अक्षरात भरून, महिनोन् महिने निश्चिंत राहिलेली माणसं जगभर आहेत.

एका शाखेत हे हातानं करणं ठीक. पण प्रत्येक शाखेत हातानं केलं, की प्रत्येक शाखा वेगळी होते. उंब्रजला पासवर्ड एक, पलूसला दुसरा. तासगावात ज्यानं बसवलं तो पोरगा पुण्याला हिंजवडीत लागला, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर कंपनीच्या बसनं गेला. म्हणून मग अॅन्सिबल आलं. २०१२ साली मायकल डिहान यांनी काढलेलं हे अवजार. एका फाईलीत शाखांची यादी लिहायची, दुसरीत काय काय व्हायला पाहिजे ते क्रमानं लिहायचं. या दुसरीला प्लेबुक म्हणतात. साताऱ्यात बसून आज्ञा सोडली की कोरेगाव, कराड, विटा, मिरज, सगळीकडं एकाच मापाच्या पाच फायली जाऊन बसतात. प्लेबुक लिहिताना ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा मोजून सोडाव्या लागतात. एक जागा इकडची तिकडं झाली की सगळं प्लेबुक रुसतं. मानपानाचं इतकं मनावर घेणारं यंत्र आमच्या भागात लगेच रुळलं.

त्याचा खरा गुण वेगळाच. तीच आज्ञा परत सोडली तर ते आधी बघतं, झालेलं आहे का. असलं तर हातही लावत नाही. शेवटी आकडा देतं: बदल शून्य. आमच्या कचेरीत एकच हुकूम दोनदा काढला तर एकतर काम दोनदा होतं, नाहीतर पहिला माणूस म्हणतो दुसऱ्यानं केलं असेल आणि ते एकदाही होत नाही. "बदल शून्य" हे दोन शब्द वाचून मला जे सुख होतं, ते घरी कुणाला सांगता येत नाही.

अडलं ते यूपीएसच्या ओळखीवर. यूएसबीला जोडलेली प्रत्येक वस्तू दोन आकडे सांगते. कंपनीचा एक, मालाचा एक. आपल्याकडं नवा माणूस भेटला की आडनाव काय, गाव कुठलं, हे दोनच प्रश्न असतात, तेव्हा पद्धत घरचीच वाटली. पण स्वस्तातले यूपीएस उत्तरं देतात ती ऐका. निरनिराळ्या नावांनी विकले जाणारे कितीतरी यूपीएस आतून एकच आकडा सांगतात, ०६६५:५१६१. डबा वेगळा, स्टिकर वेगळं, किंमत तर फारच वेगळी, आत तीच चीप. आणि काही महाभाग ०००१:०००० असं सांगतात. आडनाव एक, गाव शून्य. अशा पाहुण्याला कुणी मुलगी देणार नाही, आम्ही त्याच्या हवाली सगळ्या ठेवी केल्या आहेत.

बॅटरी किती शिल्लक, याचंही तसंच. चांगला यूपीएस हिशेब ठेवतो. स्वस्तातला नुसता व्होल्टेज सांगतो, आणि त्यावरून टक्के काढायचं काम ड्रायव्हर करतो, अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणून फुगलेली बॅटरीसुद्धा लाईट असताना छाती पुढं काढून १०० टक्के सांगते, आणि लाईट गेल्यावर शंभरावरून थेट जमिनीवर येते. ती खरी किती चालते हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग: भर कामात यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटायचा.

त्याला मात्र मुहूर्त लागेना. सोमवारी ग्राहकांची गर्दी. गुरुवारी कारखान्याची ऊसबिलं जमा होणार. मग मार्चअखेर. मग ऑडिट. मग लग्नसराई, सोनेतारणाची झुंबड. एका मॅनेजरसाहेबांनी फारच प्रेमानं सांगितलं, "चाचणी जरूर घ्या, फक्त प्लग काढू नका." शेवटी लाईटच गेली. ती कुणाची परवानगी घेत नाही, तिला मार्चअखेर माहीत नाही, आणि तिचं बिल वेगळं लागत नाही.

जाण्यापेक्षा येणं अवघड, हे तेव्हा कळतं. समजा बॅटरी संपत आली, सर्व्हर शिस्तीत बंद व्हायला लागला, आणि नेमकी त्याच मिनिटाला लाईट आली. आता यूपीएस चालूच राहिला, त्याचा पुरवठा तुटलाच नाही. सर्व्हर मात्र झोपला. त्याला उठवणारा झटका येणारच नाही. बाहेर झगझगाट, आत ग्राहक, आणि सर्व्हर सज्जनासारखा निद्रिस्त. यावर उपाय असा की सर्व्हर झोपण्यापूर्वी एक खुणेची फाईल ठेवून जातो, आणि अगदी शेवटच्या क्षणी यूपीएसला सांगतो: लाईट असो-नसो, तू एकदा स्वतःला बंद कर आणि मग चालू हो. चांगले यूपीएस ऐकतात. बाकीचे "हो, हो" म्हणतात आणि करत नाहीत. शिवाय वीज आल्यावर आपोआप उठ, हे सर्व्हरच्या बायोसमध्ये लिहावं लागतं, आणि आमच्या जुन्या मशिनांच्या बायोसपर्यंत प्लेबुकचा हात पोचत नाही. तिथं स्वयंचलन संपतं आणि एसटी सुरू होते.

आणि सगळे एकदम उठणं, हा दुसरा घोटाळा. तो आमच्याकडच्या शेतकऱ्याला संगणकवाल्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येणार, तीही पुष्कळदा रात्री. उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून पंपाला ऑटोस्विच. लाईट आली की मोटर आपोआप चालू. पण एका डीपीवरच्या सगळ्याच मोटरी एकाच क्षणी चालू झाल्या, की डीपी बसतो, आणि मग पंधरा दिवस कुणाचीच मोटर चालू होत नाही. म्हणून महावितरण वर्षानुवर्षं विनवण्या करतं: ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. स्वयंचलनातला सगळ्यात मोठा धडा बांधावरच मिळतो. प्रत्येकानं आपल्यापुरतं शहाणपण केलं की सगळ्यांची मिळून फजिती होते. आमच्या प्लेबुकात आता मशिनं थोड्या थोड्या अंतरानं उठतात. डीपी सुखी, आम्ही सुखी.

लाईटीची पाळत ठेवण्यातही शेतकरी आमच्या पुढंच होता. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालवणारं 'नॅनो गणेश' काढलं, त्याला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. आता तासगावच्या द्राक्षबागेत मोबाईल स्टार्टर ही साधी गोष्ट झाली आहे. लाईट आली की मोटर मालकाला फोन करते. आमचे ग्राहक असलेले एक बागायतदार काउंटरवर उभे होते, सर्व्हर बंद होता. त्यांचा फोन वाजला, त्यांनी कानाला लावला आणि कॅशियरला म्हणाले, "आमच्या मोटरीला कळलं लाईट आल्याचं. तुमच्या बँकेला कवा कळणार?"

कळवण्याची सोय झाल्यावर कळलं, की कळवणं कमी कसं करावं ही खरी विद्या आहे. सुरुवातीला प्रत्येक ओबी आणि प्रत्येक ओएलचा मेसेज मॅनेजरसाहेबांच्या मोबाईलवर जायचा. वळवाच्या पावसाची एक रात्र पुरली. गेली, आली, गेली, आली, असा फोन पहाटेपर्यंत वाजत होता. सकाळी साहेबांनी मामांचाच मार्ग धरला आणि सर्व्हरचा आवाज बंद केला. तेव्हा नियम ठरवला: ज्या निरोपावर माणसाला काहीच करता येत नाही, तो निरोप पाठवायचा नाही. पाच मिनिटं लाईट आली नाही तरच बोलायचं. केबल सुटली तर बोलायचं, म्हणजे पासबुक प्रिंटरकडं बघता येतं. आणि बॅटरी बदलायला झाली तर बोलायचं.

या शेवटच्या निरोपाला यूपीएसच्या भाषेत आरबी म्हणतात, आणि यूपीएसमॉन तो दर बारा तासांनी परत देतो. हा आकडा मी ठेवलेला नाही, त्यात आयताच येतो. मी तो बदललाही नाही. कारण आमच्या संस्थेत बॅटरीसारखी किरकोळ वस्तू मागायची तर अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर चर्चा, आणि "पुढील सभेत घ्यावे". दोनदा मागितल्यावर माणसाला लाज वाटते. तिसऱ्यांदा मागितलं तर साहेब म्हणतात, तुमचं फारच चाललंय. यंत्राला लाजही नाही आणि बढतीही नको. ते सकाळी आठला मागतं, रात्री आठला मागतं, दिवाळीला मागतं, आमसभेच्या दिवशीही मागतं. मी फक्त मेसेज अध्यक्षांच्या नंबरवर वळवले.

पुढच्या सभेत विषयपत्रिका सुरू व्हायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "ते बॅटरीचं आधी मंजूर करून टाका. सगळ्या शाखांच्या एकदम घ्या. माझ्या झोपेचं खोबरं झालंय." एकाही संचालकानं कोटेशन मागितलं नाही. कारकुनानं ठराव लिहून घेतला, अनुमोदकाचं नाव टाकलं आणि 'सूचक' या रकान्यापाशी पेन धरून बसला. मागणी कुणाची, म्हणून त्यानं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. कुणीच हात वर करेना.

"अरे, सर्वानुमते लिही," अध्यक्ष म्हणाले, "आणि आठ वाजायच्या आत सही घे."